येणे: परात एक

दोंडाईच्याला गाडीतून उतरताच शिंक आली
की समजायचं,
मोठ्या मायचा डंक सुरू आहे.

मोठे बाबा उधन्याच्या मिलमध्ये गेले त्या साली
दोन मनीऑर्डरी आल्या.
तिसरीसाठी ती तीनदा पोस्टात जाऊन आली.
चौथ्यांदा गेली नाही.
दुभती म्हैस विकून मिरची कांडायचा डंक घेतला.
म्हैस गेली तेव्हा मात्र रडली, आई सांगते,
दावं हातात धरून, दुपारभर.

मग शेवयांचं यंत्र आलं,
मग लग्नाची भांडी, भाड्यानं द्यायला:
पातेली, बादल्या, ओगराळी, पितळी पराती,
सगळ्यांवर ठिपक्याठिपक्यांनी ठोकलेलं तिचं नाव.

भांड्यांच्या कर्जासाठी बँकेत गेली, तेव्हा
साहेबानं अर्जावरून मान वर केली:
'केवळ... बाई?'
रांगेतले लोक हसले.
'जोडीसन वाचा, भाऊ,' ती म्हणाली,
आणि त्यानं वाचेपर्यंत
खिडकीतून हलली नाही.

फार प्रेमळ होती असं कुणी म्हणणार नाही.
माझ्या लग्नात भांड्यांचं पूर्ण भाडं घेतलं,
वर एका फुटक्या झाऱ्याचा दंड.
'घरच्यांना सूट दिली का घर सुटस.'
सख्ख्या बहिणीच्या दहाव्याला गेली नाही,
लगनसराई होती.
त्याची माफी आम्ही तिला दिलेली नाही.
तिनंही कधी मागितली नाही.

पण रात्री डंक थांबल्यावर
ओसरीत पाय पसरून
ती वही वाचायला लावायची मला,
आणि मी वाचत असताना
तिचे ओठ हलायचे, जसे
इतर बायकांचे आरतीला हलतात.
'पैसा गोड नही लागत, पोरी,
हिसाब गोड लागस.'

शेवटी धुळ्याच्या दवाखान्यात
नर्सनं स्पिरिटच्या बोळ्यानं
तिची नखं पुसून पाहिली.
नेलपॉलिश नाही हो, मी म्हटलं,
मिरची आहे. चाळीस वर्षांची.

डंक धाकट्या काकांनी नेला, यंत्र विकलं.
वही कुणाला नको होती म्हणून माझ्याकडे आली.
सगळ्या नोंदींवर तिरपी रेघ,
जमा, जमा, जमा.
एकच नोंद उघडी:

आखाजी. नेणार सुकलाल तुळशीराम.
पितळी परात एक. येणे.

म्हणजे ते एकदा आले होते.
जेवले असतील, आमरस, खापरावरचे मांडे,
आणि सकाळच्या पॅसेंजरनं परत.
तिनं त्यांना अडवलं का, काही विचारलं का,
वहीत त्यासाठी रकाना नाही.
नवरा म्हणूनही नाही लिहिलं.
गिऱ्हाईक म्हणून लिहिलं,
बापाच्या नावासकट.

मागच्या वैशाखात मी उधन्याला गेले,
नणंदेच्या शेजारच्यांचं लग्न.
गल्लीतच मांडव, गल्लीतच चूल,
आणि एक म्हातारी पुऱ्यांचं पीठ मळत बसलेली.
परात जड होती. पितळी.
आमच्या ह्यांनी देशातून आणलेली, ती म्हणाली,
आता हे नाहीत,
पण परात चांगली टिकली.

तिच्या हातावर पीठ होतं
आणि डोळ्यांत मोतीबिंदू.
मला राग यायला हवा होता.
मी पुऱ्या लाटायला बसले.

जेवणं उरकल्यावर
परात घासायला मीच घेतली.
कडेला ठिपके लागले बोटांना,
'केवळ', मग एक खोलगट पोचा,
पोच्याच्या पलीकडे 'बाई'.

'काय लिहिलंय गं तिथं?' म्हातारीनं विचारलं.
'इतकी वर्षं हात फिरवते,
मला वाचता येत नाही.'

नळ बंद केला.
परात उजेडाकडे कलती केली
आणि जोडून वाचलं.